समाप्तनंतरची चार मिनिटं

भिंगकाकांशी बोलायला बसलं की माणसाला उगाचच आपली परीक्षा चाललीय असं वाटायचं. उगाच कसलं, ती चाललेलीच असायची. एकोणचाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. खिशात घडीचं भिंग, कानामागे लाल पेन्सिल, आणि कुणीतरी कुठेतरी काहीतरी चुकीचं छापलंय असा चेहरा. दवाखान्याच्या पाटीवर चूक दिसली तर आधी आत जाऊन ती सांगायचे, मग नंबर लावायचे. एकदा तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांनी लाल पेन्सिल चालवली आणि औषधाच्या दुकानदारानं ती घ्यायला साफ नकार दिला. छापखान्यात सगळे त्यांना नुसतं भिंग म्हणायचे. निवृत्त झाल्यावर मागे काका लागलं, एवढाच काय तो मान वाढला.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथंच येऊन अडलं. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकानं मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर पेन्सिलीचं टोक ठेवून ऐकायचं. आणि वाचायचं म्हणजे कागदावर असेल ते सगळं वाचायचं. स्वल्पविराम आला की तोंडानं ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, प्रश्नचिन्ह आलं की ‘प्रश्नचिन्ह’, ओळ तोडली की ‘परिच्छेद’. शेवटी म्हणायचं ‘समाप्त’. समाप्त कानावर पडलं की तपासणाऱ्यानं पेन्सिल खाली ठेवायची आणि सही ठोकायची. छापताना मधला मजकूर वगळला गेला असेल तर समासात लिहायचं, ‘मजकूर गळला, मूळ प्रत पाहा.’ पुढे काय करायचं ते मूळ प्रत सांगते. ती असली की कसलीच काळजी नसते.

त्यांची बायको त्या छापखान्यात वाचणारी म्हणून आली. टेबलाच्या पलीकडे बसून पहिल्या वर्षी तिनं त्यांना बॉयलरचे नियम वाचून दाखवले, दुसऱ्या वर्षी टेलिफोन डिरेक्टरी. टेलिफोन डिरेक्टरी ऐकता ऐकता माणूस प्रेमात पडतो यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण भिंगकाका पडले. लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं की ती सांगायची, “हे म्हणाले, माझ्याशी लग्न करशील, आणि खाली बघत बसले. मी म्हटलं, प्रश्नचिन्ह राहिलं.” घरातही ती थट्टेनं तसंच बोलायची. “चहा ठेवलाय स्वल्पविराम गार झाला तर माझ्या नावानं ओरडू नका पूर्णविराम.” लेक लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा बोलतात.

मग बायकोचा घसा बसला आणि तो बसलाच. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. तेव्हा छापखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांचा एक सूचिग्रंथ आला होता, चारशे पानांचा. ती म्हणाली, माझं शेवटचं काम मीच पुरं करणार. रोज छापखान्यात जाणं झेपत नव्हतं, म्हणून मालकांनी सीडीवर रेकॉर्ड करणारं एक यंत्र घरी पाठवलं. सकाळी भिंगकाका कामावर गेले की ती खिडकीशी बसून वाचायची. संध्याकाळी ते येऊन सीडी लावायचे आणि कागद तपासायचे. समाप्त आलं की बटण दाबून यंत्र बंद करायचे आणि पाकिटावर वेळ लिहायचे. अशा तेवीस सीडी झाल्या. तेवीस तास नट, बोल्ट, वॉशर, चपट्या डोक्याचे स्क्रू, आणि त्यांच्यामधले सगळे स्वल्पविराम. तेविसावी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात दाखल झाली. त्यानंतर ती अकरा महिने जगली, एक शब्द न बोलता. एक वही आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल तिच्या उशाशी असायची.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. सीडी बुटांच्या खोक्यात, कपाटावर, खिडकीच्या बाजूला.

या जानेवारीत लेक येऊन राहून गेली. ती दुसऱ्या गावी असते, महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर टाकते. या खेपेला तिनं आपला जुना लॅपटॉप आणला आणि खोकं खाली काढलं.

“बाबा, या सीडी कायमच्या टिकत नाहीत. आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये. एक फोटो बोलत नाही की एक टेप नाही. आणि आहे ते काय, तर नटबोल्ट!” असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं सीडी वाचायचा ड्राइव्ह जोडून दिला आणि कुठलंतरी एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. एकेक सीडी घालायची आणि यादी बघायची, इतकंच त्या दिवशी भिंगकाकांनी केलं. एकेक प्रकरण संपलं की ती यंत्राचं बटण दाबून नवा ट्रॅक पाडायची, त्यामुळे प्रत्येक सीडीत दहा-बारा ट्रॅक. बावीस सीडींची वेळ पाकिटावरच्या वेळेशी जुळली. तेविसावी जुळेना. पाकिटावर लिहिलं होतं, ‘समाप्त, ५७ मि. १० से., चूक नाही.’ पडद्यावर त्याच्या पुढे आणखी एक ट्रॅक दिसत होता. चार मिनिटं दहा सेकंदांचा.

भिंगकाकांनी भिंग काढून पडद्याला लावलं. आकडा तोच राहिला.

तेव्हा त्यांना एक गोष्ट आठवली. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, तिला उठून बसता आलं तेव्हा, तिनं वहीत पहिलं वाक्य लिहून त्यांच्यापुढे धरलं होतं. ‘शेवटची सीडी शेवटपर्यंत ऐकलीत का?’ ते म्हणाले होते, “हो तर! अगदी शेवटपर्यंत. एकही चूक नाही.” तिला बरं वाटावं म्हणून जरा जोरातच म्हणाले होते. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ते पान फाडलं, घडी घातली आणि उशीखाली सारलं. पुढच्या अकरा महिन्यांत तिनं वह्याच्या वह्या भरल्या. पाणी, गोळ्या, खिडकी लावा, लेकीला फोन करा. त्या सीडीबद्दल पुन्हा अक्षर नाही.

म्हणजे समाप्त म्हटल्यावर ती यंत्र बंद न करता बोलत राहिली होती. उरलेल्या आवाजातलं शेवटचं काहीतरी तिनं त्यांच्यासाठी ठेवलं होतं, आणि त्यांनी शिस्तीत, दर वेळेसारखं, बटण दाबलं होतं.

कुणीही दुसरा माणूस असता तर त्यानं तिथल्या तिथे तो ट्रॅक लावला असता. लेक तेच म्हणाली. “बाबा, लावा ना! आत्ता ऐकू.” पण भिंगकाकांनी सीडी बाहेर काढली आणि दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उजेडात तिरकी धरली. कडेला तपकिरी डाग पडायला लागले होते.

“काका, सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे शेवटचं जे काही असेल ते कडेला. आणि खराब व्हायला लागते तीही कडेपासूनच. ही अजून किती वेळा वाचता येईल, काही सांगता येत नाही. उगाच घालू-काढू नका. एकदाच वाचा, पण नीट वाचा.”

तो चांगल्या मनानंच बोलला होता. पण ‘एकदाच, पण नीट’ हे वाक्य भिंगकाकांच्या हातात देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत नव्हे, तर कुलपाच्या हाती आणखी एक कुलूप देणं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, आधी सॉफ्टवेअर निवडायचं. अगदी पारखून निवडायचं. मग तेविसावी लावायची. लेक दोन दिवसांनी निघून गेली आणि निवड सुरू झाली.

दुरुस्तीवाल्यानं आधी एमपी३ सुचवलं. “फाइल लहान होते काका. कानाला जे कळत नाही तेवढंच कमी करतं.”

“कुणाच्या कानाला?” भिंगकाकांनी विचारलं.

मग त्यानं लॉसलेसची माहिती दिली. त्यात सीडीवर जे आहे ते जसंच्या तसं उतरतं, कणभरही हरवत नाही. काहीही न हरवणं ही कल्पनाच भिंगकाकांना इतकी आवडली की त्यांनी तो शब्द घरी जाऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. पण लॉसलेस फाइल करणारी सॉफ्टवेअरही काही कमी नव्हती. त्यांनी तीन निवडली आणि तिघांना नावं ठेवली.

पहिला पळपुटा. तासाची सीडी पाच मिनिटांत उतरवायचा. पण एखादी जागा वाचता आली नाही की मागचा-पुढचा आवाज बघून मधलं आपल्या मनानंच भरायचा, आणि शेवटी सगळं बरोबर म्हणून हिरवी खूण करायचा. हे कळल्यावर भिंगकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “न वाचलेलं स्वतः रचतो आणि वर बरोबरची खूण! आमच्याकडे असल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.”

दुसरा जगमित्र. आपण उतरवलेली फाइल तो इंटरनेटवर जगभरातल्या इतरांच्या फायलींशी ताडून बघायचा. सगळ्यांची सारखी आली म्हणजे बरोबर. ही रीत त्यांना पसंत पडली, दोन प्रती समोर ठेवून तपासण्यासारखीच होती. त्यांनी पहिली सीडी घातली. पडद्यावर आलं, ‘या सीडीची नोंद कुठेही सापडली नाही.’ दुसरी घातली, तेच. बाविसावीपर्यंत तेच. दुरुस्तीवाल्यानं समजावलं, “अहो काका, बाजारातली सीडी असेल तर हजारो लोकांकडे असते. ही तुमच्या घरची. जगात एकच.”

“म्हणजे मूळ प्रत हीच,” भिंगकाका म्हणाले.

तिसरा घुम्या. दिसायला रूक्ष, रंग नाही की चित्र नाही. पण प्रत्येक कण तो दोनदा वाचायचा, दोन्ही वाचनं जुळवायचा, जुळली नाहीत तर पुन्हा पुन्हा वाचायचा, ऐंशी वेळासुद्धा. शेवटी लेखी अहवाल द्यायचा, अमुक मिनिट अमुक सेकंदाला संशय आहे म्हणून. भिंगकाकांना आपला जुळा भाऊ भेटल्यासारखं झालं. त्याची माहितीपुस्तिका त्यांनी छापून आणून वाचली आणि तिच्यातल्या चुकाही काढल्या.

खरं तर मार्च महिन्यातच निवड झाली होती. घुम्याच हवा हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते बावीस सीडी तिन्ही सॉफ्टवेअरवर, दोन दोन वेगांनी उतरवत राहिले, वहीत रकाने आखत राहिले, प्रत हातात घेऊन नटबोल्ट ऐकत राहिले. रविवारी लेकीचा फोन यायचा. “बाबा, झाली का निवड?” आणि हे म्हणायचे, “होत आलीय.” एप्रिलमध्ये होत आली होती, जूनमध्येही होत आली होती. लेक चिडायची. “किती कीस काढाल? तुम्हाला नक्की ऐकायचंय ना?”

इथंच घोडं पेंड खात होतं. भिंगकाका घाबरले होते. सीडी बिघडेल याची भीती होतीच, पण ती दाखवायची भीती. आतली वेगळी होती. त्या चार मिनिटांत तिनं काही मागितलं असेल तर? माफी मागितली असेल, किंवा त्यांनी मागावी असं काही म्हटलं असेल तर? आणि त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं होतं? एकही चूक नाही. माणसाला स्वतःच्या अशा वाक्याकडे भिंग लावून बघवत नाही, म्हणून तो सॉफ्टवेअर तपासत बसतो. त्यांची दया येते, आणि रागही येतो. कारण इकडे सात महिने ती तेविसावी सीडी पाकिटात पडून होती आणि डाग आपलं काम करत होते, कुणाची निवड होण्याची वाट न बघता.

ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सीडी पाकिटातून काढली. डाग आता नखाएवढे रुंद झाले होते. त्यांनी ती ड्राइव्हमध्ये नीट बसवली. घुम्या सुरू झाला.

समाप्तपर्यंतचे सगळे ट्रॅक तासाभरात बिनचूक उतरले. मग शेवटचा ट्रॅक आला आणि ड्राइव्हचा आवाज बदलला. तो घरघरायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा घरघरायचा. एक सेकंद उतरायला कधी एक मिनिट लागायचं, कधी पाच. भिंगकाका जेवले नाहीत. खुर्ची ओढून ड्राइव्हशेजारी बसून राहिले, दवाखान्यात बसायचे तसे. दुपारी चार वाजता अहवाल आला.

‘शेवटचा ट्रॅक. संशयास्पद जागा एकोणीस. गुणवत्ता ८१ टक्के. फाइल ठेवलेली नाही.’

ती शेवटची ओळ त्यांनी तीनदा वाचली. फाइल का ठेवली नाही? मग आठवलं. मार्चमध्ये त्यांनीच एका चौकोनात खूण केली होती. ‘चूक आढळल्यास फाइल ठेवू नये.’ सदोष प्रत ठेवायची नाही, ही त्यांच्या आयुष्यभराची शिस्त. एक्याऐंशी टक्के आवाज त्या यंत्रानं दिवसभर खपून गोळा केला आणि त्यांच्या हुकमावरून टाकून दिला.

आताही काही बिघडलं नव्हतं. खूण काढायची आणि पुन्हा लावायचं. पण एक्याऐंशी हा आकडा त्यांच्या डोक्यात बसला होता. उरलेले एकोणीस का गेले? त्यांनी सीडी उजेडात धरली. वर कागदाचं गोल लेबल होतं, त्यांनीच सतरा वर्षांपूर्वी एकही सुरकुती न पडू देता चिकटवलेलं, मधोमध ‘२३’. एका बाजूला त्याची कड सुटून वर आली होती. त्यांना एकदम उलगडा झाला. कागद सुटलाय, म्हणून सीडी फिरताना थरथरते, म्हणून कडेचं नीट वाचता येत नाही. लेबल काढलं की शंभर टक्के!

त्यांचा तर्क तसा चुकीचा नव्हता. फक्त त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, आणि दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. सगळ्या जगाला चुका दाखवणाऱ्या माणसाला स्वतः काही विचारायची सवय नसते. त्यांनी सुटलेल्या कडेखाली नख घातलं आणि हलक्या हातानं लेबल ओढलं.

लेबल निघालं. त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्राही निघाला, कडेचा, बोटाएवढा लांब. भिंगकाकांनी सीडी डोळ्यांसमोर धरली तर तिच्यातून पलीकडे खिडकीचे गज दिसत होते.

ते तसेच, पायात घरच्या सपाता, एका हातात सीडी आणि दुसऱ्या हातात लेबल घेऊन दुकानात गेले. दुरुस्तीवाल्यानं दोन्ही बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“लेबल कशाला काढलंत काका?”

“मला वाटलं, वाचायचं ते खालच्या बाजूला असतं.”

“वाचतं खालून, पण असतं वर. लेबलाच्या अगदी खाली. खालचं नुसतं प्लास्टिक.” मग त्यानं आशेनं विचारलं, “सकाळपासून वाचलंत त्यातलं काही ठेवलंय का?”

“फाइल ठेवलेली नाही,” भिंगकाका म्हणाले. अहवालातलंच वाक्य त्यांच्या तोंडून आलं.

त्यानं त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि सीडी आपल्या मशीनमध्ये घालून पळपुटा सुरू केला. घुम्या असल्या सीडीला हातही लावणार नाही, हे त्याला माहीत होतं. पळपुटा लावतो, म्हणूनच तो पळपुटा. काही वेळानं पडद्यावर हिरवी खूण आली. सगळं बरोबर. दुरुस्तीवाल्यानं फाइल पेन ड्राइव्हवर घातली आणि त्यांच्या हातात दिली.

“मी ऐकलं नाही काका,” तो हळूच म्हणाला.

घरी येऊन त्यांनी टेबलावर कोरा कागद घेतला, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि फाइल लावली. हे ते मुद्दाम करत नव्हते. तिचा आवाज ऐकायचा म्हणजे पेन्सिल हातात घ्यायची, दुसरी रीत त्यांना येतच नव्हती.

आधी खुर्ची सरकली. ती पाणी प्यायली. खोकली. मग अगदी स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसा आवाज आला, “अहो स्वल्पविराम”.

पुढे खरखर. खरखरीच्या मध्ये मध्ये एकसुरी गुणगुण. ती पळपुट्यानं भरलेली. तिचा आवाज कुठला आणि त्याचा कुठला, हे भिंगकाकांना भिंगाशिवाय कळत होतं. बराच वेळ गुणगुण, मग “सकाळपासून”. पुन्हा गुणगुण. मग “तुम्हाला हसू येईल स्वल्पविराम पण”, आणि पुन्हा गुणगुण, सगळ्यात लांब, मिनिटभर तरी. मग एकच शब्द, “तुम्ही”. पुन्हा काही नाही. आणि मग, बसक्या आवाजात पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी, “प्रश्नचिन्ह”.

त्यानंतर चाळीस सेकंद एकही खरखर नव्हती. सगळ्यात कडेचा, तरी साऱ्या ट्रॅकमधला सगळ्यात चांगला वाचला गेलेला भाग हाच, आणि त्यात ती काहीच बोलत नव्हती. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. तिचा श्वास, त्यात बारीक शिट्टी. ती थांबली होती. लग्नाचं विचारताना खाली बघत बसलेल्या माणसासमोर थांबली होती तशीच, त्याला बोलायला वेळ देऊन. प्रश्न विचारला होता, चिन्हसुद्धा विसरली नव्हती.

मग ती म्हणाली, “बरं.” आणि यंत्र बंद झालं.

भिंगकाकांनी कागदावर ऐकलेले शब्द उतरवले, मध्ये मोकळ्या जागा सोडल्या. हाताला सवय होती, त्यानं समासात लिहिलं, ‘मजकूर गळला, मूळ प्रत’. तिथे पेन्सिल थांबली. पापुद्रा निघालेली सीडी समोरच पडली होती. त्यांनी खूप वेळ त्या मोकळ्या जागांकडे बघितलं. तीस वर्षांचा संसार, त्यात ती काय काय विचारू शकली असती, हे त्यांना सुचेना. सुचायला हवं होतं. त्या एका गोष्टीनं त्यांच्या जिवाला जितका घोर लागला तितका सीडी बिघडल्यानंही लागला नव्हता. आणि तिनं अकरा महिने वही उशाशी असताना तो प्रश्न पुन्हा का लिहिला नाही, हे मात्र त्यांना आता पुरतं समजलं. तिला उत्तर मिळालं होतं. शेवटपर्यंत ऐकलं, एकही चूक नाही, एवढंच ते म्हणाले होते. तिनं विचारलेलं ऐकूनही नवरा एवढंच म्हणाला, असं ती समजून चालली होती. तसंच समजून ती गेली.

त्यांनी लॅपटॉपवर घुम्या उघडला, तो चौकोन शोधला आणि खूण काढून टाकली. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

रविवार होता. सात वाजता लेकीचा फोन आला. दुरुस्तीवाल्यानं तिला आधीच काहीतरी कळवलं असावं, कारण ती निवडीबद्दल काही बोलली नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं, जेवलात का, गुडघा कसा आहे. मग घाबरत घाबरत म्हणाली, “बाबा, आईची ती सीडी... ऐकलीत का? शेवटपर्यंत?”

भिंगकाकांनी कागद पालथा घातला.

“नाही गं,” ते म्हणाले. “नाही ऐकली मी.”